‘डॅली’ : विलंब आणि विलास

कोशाच्या साहाय्याने इंग्रजीचा अभ्यास करणाऱ्या आपल्याकडील विद्यार्थ्याला ज्या काही क्रियापदांपाशी हटकून थबकावे लागते, त्यांत ‘डॅली’ या लहानशा क्रियापदाची गणना केली पाहिजे. कारण या एकाच शब्दापुढे त्याला एकीकडे ‘वेळ दवडणे, रेंगाळणे’ आणि दुसरीकडे ‘प्रणयचेष्टा करणे, प्रेमाचा खेळ खेळणे’ असे दोन अर्थ शेजारी शेजारी मांडलेले आढळतात, आणि न्याहारीच्या मेजावरून उठायला तयार नसलेल्या गृहस्थाचे व कोणा तरुणीशी लाडीगोडी करणाऱ्या युवकाचे वर्णन एकाच शब्दाने का व्हावे, हे त्याला उमगत नाही. बहुतेक विद्यार्थी दोन्ही अर्थ पाठ करतात आणि पुढे जातात. शब्दाचा इतिहास आणि त्याची प्रत्यक्ष वहिवाट जरा बारकाईने पाहिली, तर मात्र हे दोन अर्थ परस्परांना परके नसून एकाच मनोवृत्तीच्या त्या दोन शाखा आहेत, आणि ती मनोवृत्ती ओळखल्याखेरीज या शब्दाचा अचूक उपयोगही करता येत नाही व त्याचे मराठीकरणही साधत नाही, अशी माझी खात्री झालेली आहे.

प्रथम शब्दाचे बाह्यरूप पाहू. त्याचा उच्चार ‘डॅली’ असा, पहिला स्वर ‘बॅट’मधल्यासारखा उघडा ठेवून होतो, दैनिक या अर्थाच्या ‘डेली’शी त्याचा काही संबंध नाही. ‘उशीर करणे’ या अर्थाच्या ‘डिले’शीही, अर्थाचे साम्य आणि ध्वनीचे सादृश्य असूनसुद्धा, त्याचे रक्ताचे नाते नाही. ‘डिले’ ज्या जुन्या फ्रेंच क्रियापदापासून आला, त्याच्या मुळाशी ‘सोडणे, मागे ठेवणे’ ही कल्पना होती. ‘डॅली’चे कूळ वेगळे आहे. भूतकाळी त्याचे ‘डॅलीड’ होते, धातुसाधित ‘डॅलीइंग’ आणि भाववाचक नाम ‘डॅलिअन्स’. यांपैकी शेवटचे रूप वाङ्मयात मूळ क्रियापदाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, मिरवलेले आहे.

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर तेथील राजदरबार, न्यायासन आणि सरदारांचे वाडे यांतून फ्रेंच भाषेचा अंमल सुरू झाला, आणि पुढील दोनतीन शतकांत हजारो फ्रेंच शब्द इंग्रजीत स्थायिक झाले. ‘डॅली’ हा त्याच वसाहतीतला. अँग्लो-नॉर्मन बोलीतील त्याच्या पूर्वरूपाचा अर्थ संभाषण करणे, गप्पागोष्टींत मन रमवणे असा होता, आणि इंग्रजीत शिरताना तो हाच अर्थ घेऊन आला. म्हणजे ज्या शब्दाचा आज विलंबाशी आणि प्रणयाशी संबंध जोडला जातो, तो आरंभी निव्वळ बोलण्याचा शब्द होता. आणि तेही बोलणे पुष्कळदा गंभीर, सात्त्विक, क्वचित पारमार्थिकही असे.

याचा सर्वांत लक्षणीय पुरावा मार्जरी केम्प या स्त्रीच्या आत्मनिवेदनात सापडतो. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळील लिन या व्यापारी गावची ही चौदा मुलांची आई, ईश्वरभक्तीने झपाटून जाऊन दूरदूरच्या तीर्थयात्रा करणारी. स्वतः लिहिता येत नसल्यामुळे आपले चरित्र तिने लेखनिकांकरवी लिहवून घेतले. पंधराव्या शतकातला हा ग्रंथ कित्येक शतके दृष्टीआड होता, आणि त्याचे संपूर्ण हस्तलिखित १९३४ मध्ये उजेडात आले. या ग्रंथात ‘डॅलिअन्स’ हा शब्द वारंवार येतो, आणि तो कशासाठी, तर ख्रिस्ताशी अंतःकरणात चालणाऱ्या संवादासाठी. १४१३ च्या सुमारास मार्जरी नॉरिच शहरी ज्युलियन नावाच्या विख्यात एकांतवासिनीच्या दर्शनाला गेली, आणि त्या दोघी साध्वींचे जे दिवसानुदिवस अध्यात्मभाषण झाले, त्यालाही तिने हाच शब्द योजला आहे. आजच्या इंग्रज वाचकाला हे प्रयोग वाचताना क्षणभर धक्का बसतो, कारण मधल्या काळात शब्दाने आपले क्षेत्र बदलले आहे.

ते बदलण्याची चिन्हे मार्जरीच्या आधीच दिसू लागली होती. चौदाव्या शतकाच्या अखेरीस जेफ्री चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’ रचताना उपोद्घातात यात्रेकरूंची जी चित्रमाला उभी केली, तीत एक भिक्षेकरी धर्मबंधू आहे. भिक्षेकऱ्यांच्या चारही पंथांत ‘डॅलिअन्स’ आणि गोड भाषण यांत त्याची बरोबरी करणारा कोणी नाही, असे चॉसर त्याच्याविषयी सांगतो. पुढे या धर्मबंधूने किती तरुणींची लग्ने स्वखर्चाने लावून दिली याचा उल्लेख येतो, सुंदर स्त्रियांना देण्यासाठी तो जवळ बाळगत असलेल्या लहानसहान भेटवस्तूंची याद येते, आणि वाचकाला कळून चुकते की या गोड संभाषणातले पावित्र्य ओसरून त्यात दुसराच काही रस मिसळला आहे. शब्दाचा अर्थ अजून ‘बोलणे’ हाच आहे. पण बोलण्याचा हेतू संशयास्पद झाला आहे.

त्याच काळच्या ‘सर गावेन आणि हिरवा सरदार’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अनामिक कवीच्या काव्यात तर या शब्दाचे भवितव्यच जणू कथारूपाने मांडलेले आहे. राजा आर्थरच्या दरबारी नववर्षदिनी एक हिरव्या वर्णाचा अद्भुत सरदार येतो आणि ‘माझ्यावर एक घाव घाला, मात्र एक वर्ष आणि एक दिवस लोटल्यावर माझा घाव सोसायला हजर व्हा’ असे आव्हान देतो. गावेन ते स्वीकारतो, सरदाराचे मस्तक उडवतो, आणि तो सरदार आपले मस्तक हातात घेऊन निघून जातो. मुदत भरत आल्यावर गावेन आपल्या मृत्यूच्या शोधार्थ बाहेर पडतो आणि नाताळच्या आदल्या दिवशी एका किल्ल्यात मुक्काम करतो. यजमान त्याला म्हणतो की, तुमचे ठिकाण येथून जवळच आहे, तेव्हा उरलेले दिवस विश्रांती घ्या. मी शिकारीत जे मिळवीन ते तुम्हांला देईन, तुम्ही येथे जे मिळवाल ते मला द्या. मग तीन दिवस यजमान रानात हरीण, रानडुक्कर आणि कोल्हा यांच्या मागे धावतो, आणि तीन सकाळी यजमानीण गावेनच्या शयनगृहात येऊन त्याच्याशी मधुर संभाषण करते. या संभाषणाला कवी ‘डॅलिअन्स’च म्हणतो. गावेनला शीलही राखायचे आहे आणि सौजन्यही सोडायचे नाही. म्हणून तो बोलतो, चुंबने स्वीकारतो, ती संध्याकाळी ठरल्याप्रमाणे यजमानाला परत करतो, आणि तरीही तिसऱ्या दिवशी प्राणरक्षण करील असे सांगून तिने दिलेला हिरवा कमरबंद मात्र लपवून ठेवतो. त्या एका लबाडीबद्दल अखेर त्याच्या मानेला कुऱ्हाडीची किंचित जखम होते. ज्या दिवसांत वीर कर्तव्याची घटिका भरण्याची वाट पाहत थांबला आहे, त्याच दिवसांत तो या संवादात गुंततो, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. मुक्काम, संभाषण आणि प्रणयाची सीमारेषा, ही तिन्ही या तीन सकाळींत एकत्र आली आहेत, आणि पुढे शब्दाचे जे दोन अर्थ झाले, त्यांची गाठ येथे उघड दिसते.

बोलण्याचा शब्द प्रणयाकडे वळावा, यात इंग्रजीपुरते तरी नवल काही नाही. ‘कॉन्व्हर्सेशन’ या सभ्य शब्दाचीही तीच गत झाली. परस्त्रीशी व्यभिचार करणाऱ्याविरुद्ध पतीने नुकसानभरपाईची जी फिर्याद करावयाची, तिला इंग्लंडच्या कायद्यात ‘क्रिमिनल कॉन्व्हर्सेशन’ असेच नाव होते, आणि त्या स्वरूपाची फिर्याद १८५७ च्या कायद्याने रद्द झाली. ‘इंटरकोर्स’ हा शब्द आरंभी व्यापारउदीम व देवघेव यांचा वाचक होता. जेन ऑस्टेनच्या कादंबऱ्यांत ‘प्रेम करणे’ या अर्थाचा जो वाक्प्रयोग येतो, त्याचा अर्थ केवळ प्रेमाची भाषा बोलणे, आर्जव करणे एवढाच असतो, आणि हे ठाऊक नसलेला आधुनिक वाचक तेथे हमखास फसतो. माणसे जवळ येतात ती बहुधा बोलण्याच्या वाटेने. म्हणून बोलण्याचे शब्द जवळिकीचे शब्द होतात. ‘डॅली’ने याहून एक पाऊल पुढे टाकले. जे बोलणे निष्पत्तीकडे जात नाही, ज्यात वचन नाही आणि निर्णय नाही, पण गोडी आहे, त्या बोलण्याचा तो वाचक झाला. आणि अशा बोलण्यात वेळ जातोच. पंधराव्या शतकात ‘प्रेमाचे खेळ खेळणे’ आणि ‘वेळ घालवणे’ हे दोन्ही अर्थ रूढ झालेले दिसतात, आणि त्यानंतर मूळचा संभाषणाचा अर्थ क्रमाने मावळला.

शेक्सपिअरच्या काळापर्यंत शब्दाला आजचे वळण पुरते लागले होते. ‘हॅम्लेट’च्या पहिल्या अंकात पॅरिसला निघालेला लेअर्टीझ आपली बहीण ऑफीलिया हिला शीलरक्षणाचा लांबलचक उपदेश करतो, तेव्हा ती नम्रपणे पण नेमके उत्तर देते की, दुसऱ्याला स्वर्गाची काटेरी वाट दाखवून स्वतः मात्र ‘डॅलिअन्स’च्या फुलांनी भरलेल्या वाटेने जाणाऱ्या उपदेशकांसारखे तू वागू नकोस. येथे शब्दात विलासाचा अर्थ प्रधान आहे, आणि त्याला नैतिक दोषाची छटा आलेली आहे. ‘पाचवा हेन्री’ या नाटकाच्या दुसऱ्या अंकारंभी सूत्रधार सांगतो की, इंग्लंडच्या तरुणांनी रेशमी ‘डॅलिअन्स’ कपाटात बंद करून ठेवला आहे आणि आता चिलखते घडवणाऱ्यांची भरभराट चालली आहे. येथे तोच शब्द युद्धाच्या, म्हणजे कृतीच्या, विरोधी टोकाला उभा आहे. ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये तर व्हायोला शब्दांशीच असा खेळ करणाऱ्यांविषयी बोलते आणि असा खेळ झाला म्हणजे शब्द स्वैर होतात, असे सुचवते. मराठी वाचकाला येथे सहज स्मरण व्हावे ते गोपाळ गणेश आगरकर यांनी ‘हॅम्लेट’चे जे भाषांतर १८८३ साली प्रसिद्ध केले त्याचे, त्याचे नाव त्यांनी ‘विकारविलसित’ असे ठेवले. ‘विलसित’ आणि ‘विलास’ ही दोन्ही ‘वि’ उपसर्ग लागलेल्या ‘लस्’ धातूची अपत्ये, आणि ‘डॅलिअन्स’च्या एका अंगाला जवळचा असा शब्द शोधू गेल्यास मराठीत याच कुळाकडे जावे लागते.

माणसाऐवजी कल्पनेशी होणाऱ्या ‘डॅली’चे उत्तम उदाहरण मिल्टनचे आहे. १६३७ साली त्याचा सहाध्यायी एडवर्ड किंग आयर्लंडला जाताना समुद्रात बुडाला, आणि त्याच्यावर लिहिलेल्या ‘लिसिडस’ या विलापिकेत मिल्टनने शवपेटिकेवर वाहावयाच्या फुलांची दीर्घ यादी दिली. परंतु प्रेत सापडलेलेच नाही, ते लाटांवर कोठे वाहत असेल कोण जाणे, हे जाणून तो लागलीच म्हणतो की, आपले दुबळे विचार या खोट्या कल्पनेशी क्षणभर ‘डॅली’ करोत. येथे शब्दात ना आळस आहे, ना कामुकता. जे खरे नाही हे ठाऊक आहे, त्यापाशी मनाने दुःखाच्या उपशमासाठी घटकाभर थांबावे, एवढाच भाव आहे, आणि तो फार हृदयस्पर्शी आहे. या एका प्रयोगावरून शब्दाचा गाभा हाती लागतो: ज्याच्याशी आपण कायमचे बांधले जाणार नाही, अशा वस्तूपाशी, व्यक्तीपाशी किंवा विचारापाशी केवळ गोडीसाठी रेंगाळणे, म्हणजे ‘डॅली’ करणे.

हा गाभा ध्यानी ठेवला म्हणजे आजच्या प्रयोगांची व्यवस्था लावणे सोपे जाते. क्रियापदापुढे काहीच नसेल, तर अर्थ निव्वळ उशीर लावणे. ‘डोन्ट डॅली’ म्हणजे रेंगाळू नकोस, पाऊल उचल. पुढे ‘ओव्हर’ आले, तर हाती घेतलेल्या गोष्टीत अवाजवी वेळ लावणे; न्याहारीवर, पत्रावर, हिशेबाच्या वहीवर. ‘अवे’ आले, तर क्रियापद सकर्मक होते आणि वेळ हे त्याचे कर्म बनते. दुपार, सुटी किंवा तारुण्य अशा रीतीने घालवले असे म्हणता येते. ‘विथ’ आले की मात्र सावध व्हावे, कारण त्यापुढचे नाम अर्थ ठरवते: व्यक्ती असेल, तर तिच्या भावनेशी खेळणे, कल्पना किंवा बेत असेल, तर तो मनात घोळवणे, पण अमलात आणण्याचा निश्चय न करणे. वृत्तपत्री इंग्रजीत ‘डॅलिअन्स’ हे नाम आज बहुधा अल्पकाळ टिकलेल्या आणि मनापासून न पतकरलेल्या संबंधाला लावतात. एखाद्या नटाचा राजकारणाशी, एखाद्या पक्षाचा परक्या विचारसरणीशी आलेला संबंध असा वर्णिला जातो. अशा लेखनात शब्दाबरोबर नापसंती येतेच, हे अनुवाद करणाऱ्याने विसरू नये.

समानार्थी शब्दांशी तुलना केल्यास ‘डॅली’चे वैशिष्ट्य अधिक स्पष्ट होते. ‘लिंगर’ हा ‘लांब’ या अर्थाच्या ‘लाँग’चा आप्त, त्यात निघवत नाही म्हणून थांबणे आहे, मग ते प्रेमाने असो वा दुखणे रेंगाळल्यामुळे असो. ‘डॉडल’मध्ये लहान मुलाची मंदगती आहे. ‘लॉयटर’मध्ये पाहणाऱ्याचा संशय आहे, आणि म्हणूनच तो पोलिसी जाहीरनाम्यांचा व कायद्याचा शब्द झाला, वेश्याव्यवसायासंबंधीच्या इंग्लंडमधील १९५९ च्या कायद्यात तो आलेला आहे. ‘प्रोक्रॅस्टिनेट’च्या पोटात लॅटिन भाषेतला ‘उद्या’ बसला आहे, आणि तेथे मनुष्य काम टाळतो ते ते नकोसे वाटते म्हणून. प्रणयाच्या बाजूला ‘फ्लर्ट’ हा शब्द घ्या: त्याचा जुना अर्थ झटका देणे, चटकन हलणे असा होता, आणि आजही त्यात चंचल, क्षणिक कटाक्षाचा भाव शिल्लक आहे; ‘डॅली’ त्याच्या उलट संथ आहे, त्याला वेळ लागतो. ‘फिलँडर’ हा शब्द पुरुषांपुरताच वापरला जातो, ‘डॅली’ला स्त्रीपुरुषभेद नाही. या सर्वांत सुख आणि विलंब ही दोन्ही ज्यात एकदम आहेत, असा शब्द हा एकच.

प्रत्येक विलंब म्हणजे ‘डॅली’ नव्हे, हेही येथे नमूद केले पाहिजे. इसवी सनपूर्व २१७ मध्ये हॅनिबलने रोमन सैन्याचा पाडाव केल्यावर सर्वाधिकारी नेमलेल्या फेबिअसने समोरासमोरची लढाई बुद्धिपुरस्सर टाळली आणि शत्रूला दमवण्याचे धोरण धरले. त्याला ‘विलंब लावणारा’ हे उपपद मिळाले, आणि त्याच्याच नावावरून १८८४ साली लंडनमध्ये क्रमाक्रमाने समाजसुधारणा करू पाहणारी फेबिअन सोसायटी स्थापन झाली. फेबिअसच्या विलंबाला हेतू होता, म्हणून त्याला कोणी ‘डॅली’ म्हणणार नाही. त्याचप्रमाणे कचेरीतली दिरंगाई, जिथे अर्ज एका मेजावरून दुसऱ्या मेजाकडे महिनोन्‌महिने सरकत राहतो, तीही ‘डॅली’ नव्हे. कारण तीत गोडीचा अंश नाही.

या क्रियापदाचे ‘डिली-डॅली’ असे द्विरुक्त रूपही इंग्रजीत अठराव्या शतकापासून रूढ आहे. इंग्रजीत अशा जोडशब्दांत व्यंजने तीच राहून स्वर बदलतो, आणि बहुधा ‘इ’ आधी व ‘अ’ मागून येतो, जसे ‘झिगझॅग’, ‘चिटचॅट’. मराठीत ‘टंगळमंगळ’ किंवा ‘अघळपघळ’ यांप्रमाणे आरंभीचा वर्ण बदलतो. द्विरुक्ती होताच शब्दातला प्रणय पूर्णपणे गळून पडतो. ‘डिली-डॅली’ म्हणजे फक्त टंगळमंगळ, आणि तीही बहुधा मुलांना किंवा घरच्या माणसांना रागे भरताना म्हणावयाची. १९१९ च्या सुमारास लंडनच्या रंगगृहांत मारी लॉइड हिने गाजवलेल्या एका विनोदी गीताने हा जोडशब्द आबालवृद्धांच्या तोंडी बसवला. बिऱ्हाड हलवताना सामानाच्या गाडीमागून निघालेली आणि वाटेत रेंगाळून रस्ता चुकलेली गृहिणी हा त्याचा विषय आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागातील गुराखी जनावराच्या गळ्यात पडलेल्या दोराचे वेढे खोगिराच्या शिंगाला देतात, त्या क्रियेलाही ‘डॅली’च म्हणतात; मात्र तो शब्द ‘वेढा दे’ या अर्थाच्या स्पॅनिश उक्तीचा अपभ्रंश असून आपल्या क्रियापदाशी त्याचे केवळ ध्वनिसाम्य आहे.

मराठीत या शब्दाला एकच एक प्रतिशब्द नाही, आणि त्याबद्दल खंत वाटण्याचेही कारण नाही. काम लांबत असेल तेथे ‘रेंगाळणे’, ‘चालढकल करणे’. निर्णयापाशी पाऊल अडत असेल तेथे ‘घुटमळणे’. बेताविषयी असेल तेथे ‘मनात घोळवणे’. व्यक्तीच्या बाबतीत असेल तेथे ‘लाडीगोडी करणे’, आणि त्यात फसवणूक असेल तर ‘खेळवणे’ किंवा ‘झुलवणे’, हे शब्द त्या त्या स्थळी चपखल बसतात. भुंग्याप्रमाणे ‘रुंजी घालणे’ हा आपला वाक्प्रचार तर व्यक्ती आणि विचार या दोहोंनाही लागू पडतो, आणि बसण्याचा निश्चय नसताना गोडीसाठी भोवती फिरत राहण्याचा भाव त्यात अचूक उतरलेला आहे. परंतु याहून मोलाची साक्ष संस्कृत धातुपाठाची आहे. ‘रम्’ या धातूपासून एकीकडे ‘विराम’ आणि ‘आराम’ हे थांबण्याचे, तर दुसरीकडे ‘रती’ आणि ‘रमणी’ हे प्रणयाचे शब्द निघाले. आणि आपण ‘तो तेथेच रमला’ असे म्हणतो, तेव्हा तो थांबला हेही सांगतो आणि त्याला गोडी लागली हेही सांगतो. थांबणे आणि सुखावणे यांचे साहचर्य इंग्रजांच्याच भाषेने पाहिले असे नव्हे. ते मानवी अनुभवात आहे आणि परस्परांपासून दूर असलेल्या भाषांनी ते स्वतंत्रपणे नोंदले आहे. फरक इतकाच की ‘रमणे’ला आपण दोष देत नाही, आणि ‘डॅली’ला इंग्रज बहुधा देतात, कारण त्या शब्दात रमण्याबरोबर बांधिलकी टाळणेही अभिप्रेत आहे.

म्हणून इंग्रजी वाचताना किंवा मराठीत आणताना हे क्रियापद समोर आले, तर वाचकाने कोशातील दोन अर्थांपैकी एक उचलण्याची घाई न करता, येथे मनुष्य कशापाशी थांबला आहे, त्या थांबण्यात त्याला कोणते सुख आहे, आणि कोणता निर्णय किंवा कोणते वचन तो देत नाही, हे तीन प्रश्न वाक्याला विचारावेत. त्यांची उत्तरे मिळाली की योग्य मराठी क्रियापद सापडायला अडचण पडत नाही. आणि ते प्रश्न न विचारता केलेले भाषांतर व्याकरणदृष्ट्या निर्दोष असले, तरी अर्थाच्या दृष्टीने अपुरेच राहते.